राष्ट्रीय छात्रसेनेतील पदे व बढती

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर परेडच्या दिवशी सकाळी खाकी गणवेशातील मुलेमुली स्टेशनाच्या दिशेने लगबगीने जाताना दिसतात. बुटांना पॉलिश, कमरेला पट्टा, टोपीवर तुरा. यांतील काहींच्या बाहीवर एक फीत असते, काहींच्या दोन, एखाद्याच्या तीन. ही एनसीसीची पोरे, एवढे कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक असते. परंतु एक फीत आणि तीन फिती यांत फरक कोणता, ती कोण देतो, कशासाठी देतो आणि पुढे तिचे काय होते, असे विचारले तर मुलांचे आईबापही गप्प बसतात. मुलगा घरी येऊन 'मी कॉर्पोरल झालो' म्हणतो. आई देवापुढे साखर ठेवते, बाप कारखान्यात सोबत्यांना चहा पाजतो, आणि दोघांच्याही मनात एकच प्रश्न घोळत असतो, की आता याला महिना किती मिळणार?

महिना काही मिळत नाही. मग हा हुद्दा आहे तरी कसला, हे समजावून सांगण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. बढती, सेवाज्येष्ठता, वरची जागा, रिकामी जागा हे विषय आमच्या रोजच्या भाकरीबरोबर आले. कोणाला वर चढविले आणि कोणाला मागे ठेवले, या एका कारणावरून शांत खाते दोन दिवसांत कसे पेटते ते आम्ही पाहिले आहे. खाकी गणवेश मात्र आम्ही कधी अंगावर घातला नाही; आमची शाळा सातवीतच सुटली. तेव्हा येथे जे मांडतो ते नियम वाचून आणि वस्तीतील कॅडेट मुलामुलींशी व त्यांच्या शिक्षकांशी बोलून मांडतो.

थोडा पूर्वेतिहास

विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची कल्पना आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहे. सैन्यात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली 'युनिव्हर्सिटी कोअर' निघाली. १९२० साली तिची 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' झाली. दुसरे महायुद्ध चालू असता १९४२ साली तिच्या नावात 'ऑफिसर्स' हा शब्द शिरला. पण सरकारला हवे होते तेवढे यश काही तिला आले नाही. परक्या सरकारच्या युद्धासाठी तयार होण्याची हौस किती मुलांना असणार?

१९४६ साली सरकारने पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हे नाव मराठी माणसाला दोन कारणांनी परिचित असावे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते पुढे अध्यक्ष झाले. आणि ज्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावरून संयुक्त महाराष्ट्राचे रण पेटले, त्या आयोगाच्या तीन सभासदांपैकी ते एक होते. त्यांच्या समितीने १९४७ साली अहवाल दिला, एप्रिल १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैत संघटना उभी राहिली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. हेच पुढे १९७३ ते १९७५ या काळात भूदलाचे प्रमुख होते. १९४९ साली मुलींचा विभाग, १९५० साली हवाई शाखा आणि १९५२ साली नौदल शाखा निघाली.

चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली आणि आजही ऐच्छिक आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धांत कॅडेटांनी पिछाडीची कामे केली. त्यानंतर शिक्षणक्रमातील भर बदलला आणि युद्धाच्या दुसऱ्या फळीपेक्षा पुढारीपण अंगी आणण्याकडे अधिक लक्ष देण्यात आले. येथे एक गोष्ट पालकांनी पक्की ध्यानात ठेवावी. एनसीसीत नाव घातले म्हणून मुलावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही. प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती करता येणार नाही, असे १९४८ च्या कायद्यातच लिहिले आहे. 'पोराला लढाईवर धाडतील' या भीतीने अर्ज फाडणारी आई आम्हांस याच रस्त्यावर भेटली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

शिडीच्या पायऱ्या

शाळेतील मुलांचा तो कनिष्ठ विभाग; तो दोन वर्षांचा. महाविद्यालयातील तो वरिष्ठ विभाग. तो तीन वर्षांचा. मुलींच्या विभागाचे नाव वेगळे असले तरी पदे तीच, फिती त्याच.

भूदल शाखेतील पायऱ्या खालून वर अशा आहेत. प्रथम नुसता कॅडेट. त्यावर लान्स कॉर्पोरल, एक फीत. त्यावर कॉर्पोरल, दोन फिती. मग सार्जंट, तीन फिती. त्यापुढे कंपनी क्वार्टरमास्टर सार्जंट आणि कंपनी सार्जंट मेजर. शाळेची शिडी येथे संपते. महाविद्यालयात आणखी दोन पायऱ्या आहेत: ज्युनियर अंडर ऑफिसर व सर्वांत वर सीनियर अंडर ऑफिसर. या दोघांच्या खुणा बाहीवर नसून खांद्यावर असतात. नौदल शाखेत लीडिंग कॅडेट, पेटी ऑफिसर कॅडेट, कॅडेट कॅप्टन अशी नावे आहेत. हवाई शाखेत लीडिंग फ्लाइट कॅडेट, वॉरंट ऑफिसर अशी. नावे निराळी, तत्त्व एकच.

नावांपेक्षा कामे समजणे महत्त्वाचे. पायदळाची घडण अशी, की सुमारे दहा जणांचा एक सेक्शन, तीन सेक्शनांचा एक प्लाटून आणि तीन प्लाटूनांची एक कंपनी. सेक्शन सांभाळतो तो कॉर्पोरल, आणि त्याचा मदतनीस लान्स कॉर्पोरल. प्लाटूनची हजेरी, रांग आणि टापटीप पाहतो तो सार्जंट. गणवेश, सामान, शिबिरातील ताटवाट्या व शिधा यांचा हिशेब ठेवतो तो क्वार्टरमास्टर सार्जंट. सबंध कंपनीची शिस्त सार्जंट मेजरकडे. प्लाटूनचे नेतृत्व ज्युनियर अंडर ऑफिसरकडे, आणि सगळ्यांवर सीनियर अंडर ऑफिसर.

ही नावे इंग्रजी असल्यामुळे परकी वाटतात. पण रचना आपल्याला परकी नाही. शिवछत्रपतींच्या पायदळात नऊदहा पाइकांवर एक नाईक, पाच नायकांवर एक हवालदार, दोनतीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी अशीच शिडी होती. एका माणसाने दहा माणसांचे तोंड ओळखावे, त्यांचे दुखणेखुपणे जाणावे, आणि त्याच्यासारख्या थोड्या माणसांवर दुसऱ्या एकाने नजर ठेवावी, ही युक्ती जुनीच आहे. एका माणसाला शंभर माणसे सांभाळता येत नाहीत, दहा येतात. आमच्या संघटनेतही खात्याखात्याचा प्रतिनिधी असतो तो याच कारणाने.

शब्दांच्या मुळाशी गेले तर आणखी गंमत दिसते. 'सार्जंट' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ 'सेवा करणारा'. आपला 'हवालदार' म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो. दोन्ही शब्दांत मालकी कोठेच नाही. एकात चाकरी आहे आणि दुसऱ्यात दुसऱ्याची ठेव सांभाळणे आहे. एनसीसीतील हुद्द्याचा खरा अर्थ या दोन शब्दांत सापडतो, असे आम्हांस वाटते.

सर्वांना फीत का मिळत नाही?

आता हिशेब मांडू. महाविद्यालयातील पूर्ण कंपनी १६० कॅडेटांची असते. वर सांगितलेल्या घडणीप्रमाणे तिचे तीन प्लाटून व नऊ सेक्शन धरले, तर ढोबळ मानाने नऊ कॉर्पोरल, नऊ लान्स कॉर्पोरल, तीन सार्जंट, एक क्वार्टरमास्टर सार्जंट, एक सार्जंट मेजर, तीन ज्युनियर अंडर ऑफिसर आणि एक सीनियर अंडर ऑफिसर लागतात. बेरीज सत्तावीस. म्हणजे १६० पैकी १३३ मुलांच्या बाहीवर त्या वेळी काहीच असणार नाही. हे १३३ नालायक आहेत काय? मुळीच नव्हे. जागाच तेवढ्या आहेत. तीस फिटरांच्या खात्यात चार्जमन एकच लागतो. एकतिसावा मनुष्य कितीही हुशार निघाला तरी दुसरी खुर्ची तेथे उगवत नाही.

हा हिशेब आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितला, कारण घरोघरी त्याच्या उलट घडताना दिसते. शेजारच्या मुलीला फीत मिळाली आणि आपल्या मुलाला नाही, की बाप म्हणतो, 'मग दोन वर्षे तू तिथे केलेस काय?' मुलाने दोन वर्षांत पहाटे उठणे, रांगेत उभे राहणे, नकाशा वाचणे, रायफल उघडून पुसून पुन्हा जोडणे आणि अनोळखी मुलांबरोबर एका तंबूत झोपणे एवढे केलेले असते. ते सगळे बापाच्या एका वाक्याने मातीत जाते. ज्या शिडीवर सहांतून एकालाच उभे राहण्याची जागा आहे, तिच्यावरून मुलाची पारख करणे हा अन्याय होय.

बढती कशी मिळते?

प्रत्येक शाळेत वा महाविद्यालयात एनसीसीचे काम पाहणारा शिक्षक असतो. त्याला असोसिएट एनसीसी ऑफिसर, थोडक्यात एएनओ, म्हणतात. त्यालाही स्वतःची शिडी आहे: शाळेतील शिक्षक थर्ड ऑफिसरपासून चीफ ऑफिसरपर्यंत चढतो, महाविद्यालयातील प्राध्यापक लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असा. या पुरुष शिक्षकांचे शिक्षण आपल्या नागपूरजवळच्या कामठी येथील अकादमीत होते, आणि महिला शिक्षकांचे ग्वाल्हेरला. एएनओच्या वर बटालियनचा कमांडिंग ऑफिसर असतो. तो सैन्यातील अधिकारी. त्याच्या हाताखाली सैन्यातून आलेले सुभेदार-हवालदार दर्जाचे शिक्षक असतात. मुले त्यांना 'पीआय स्टाफ' म्हणतात. एएनओने नाव सुचवावे आणि कमांडिंग ऑफिसरने ते मंजूर करावे, अशी साधारण रीत आहे.

नाव सुचविताना काय पाहतात? पहिली गोष्ट हजेरी. दुसरी टापटीप: इस्त्री, बूट, केस. तिसरी कवायत, आणि तीत नुसती स्वतःची पावले नव्हेत, तर दुसऱ्यांना हुकूम देता येतो की नाही हे. 'सावधान' म्हणताना आवाज पोटातून यावा लागतो. घशातून आला तर मागची रांग हलत नाही. चौथी गोष्ट शिबिरातील वर्तन. मैदानावर दोन तास सगळेच गुणी असतात. दहा दिवस एकत्र राहिल्यावर कोण भांडी घासण्याच्या वेळी नाहीसा होतो आणि कोण आजारी सोबत्याचे अंथरूण उचलतो, ते लपत नाही. बऱ्याच ठिकाणी यांशिवाय लेखी व तोंडी चाचणीही घेतात. सर्वांत वरची पदे सहसा तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे जातात, कारण त्यांनी खालच्या पायऱ्या पाहिलेल्या असतात.

यावरून दिसेल की येथे नुसती ज्येष्ठता चालत नाही आणि नुसती हुशारीही चालत नाही. कामगारांच्या जगात या दोहोंचे भांडण जुने आहे. मालक म्हणतो, लायकी पाहीन. संघटना म्हणते, आधी ज्येष्ठता पाहा. आम्ही ज्येष्ठतेच्या बाजूने का उभे राहतो, हे लोकांना नीट माहीत नसते. ज्येष्ठता ही सर्वांत चांगली कसोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. ती सर्वांना दिसणारी कसोटी आहे. कोण कोणत्या तारखेस लागला हे रजिस्टरात लिहिलेले असते, ते कोणाच्या मर्जीने बदलत नाही. 'लायकी' मात्र साहेबाच्या डोक्यात असते, आणि डोके उघडून पाहता येत नाही. आम्ही ऐन तारुण्यात ज्या कारखान्यात होतो तेथे एका वर्षी वरच्या जागेवर चार जणांना चढविले. चौघांपैकी तिघे एकाच गावचे आणि फोरमनच्या नात्यातले निघाले. चौथा खरोखर लायक होता. पण त्यालाही खात्याने कधी मान दिला नाही, कारण निवड कशावरून झाली हे कोणालाच सांगितले गेले नव्हते. गुप्त निवडीने लायक माणसाचेही नुकसान होते, ते असे.

म्हणून एएनओ असणाऱ्या शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची एक विनंती आहे. लायकी अवश्य पाहा, पण ती लिहून फळ्यावर लावा. हजेरी इतकी, कवायतीला गुण इतके, शिबिराचे इतके, चाचणीचे इतके. ज्याला फीत मिळाली नाही त्याने फळ्यापाशी जाऊन आपण कोठे कमी पडलो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मूल हरणे सहन करते; आपल्याला हरविले गेले अशी शंका मात्र ते विसरत नाही.

हुद्दा आणि हात

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी 'जॉबर' नावाचा हुद्दा होता. हा कामगारांतूनच वर आलेला मनुष्य. माणसे भरती करणे, कामावर घेणे, काढणे, बदलीचे काम कोणाला द्यावयाचे ते ठरविणे, हे सारे त्याच्या हाती. पहाटे गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या माणसांतून तो बोट दाखवील त्याची त्या दिवशी चूल पेटायची. त्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या हातून हा अधिकार काढून घ्यावा असे सांगितले. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देऊन क्रमाने काम देण्याची योजना सुरू केली. जॉबर जातीने वाईट होता असे नाही. आपल्यासारख्याच माणसाच्या पोटावर त्याला सत्ता मिळाली होती आणि तिला नियम नव्हता; अशा जागी बसविलेला साधू पुरुषही बिघडेल.

एनसीसीतील कॉर्पोरलची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. त्याच्या हाताखालच्या दहा जणांचा पगार त्याच्या हाती नाही, रजा नाही, परीक्षेचे गुण नाहीत. त्याला स्वतःला एक पैसा अधिक मिळत नाही. आणि ते दहाही जण आपखुशीने आलेले. उद्या येणे बंद केले तर तो काय करील? त्याच्याजवळ दोनच साधने: स्वतःचा आवाज आणि स्वतःचे उदाहरण. त्याचे बूट चमकत असतील तर त्याने दुसऱ्याला बुटांवरून बोलावे. तो वेळेवर येत असेल तर त्याने उशिरा येणाऱ्याला विचारावे. सत्तेवाचून माणसे चालविणे, ही पुढारीपणाची खरी शाळा. आणि ती विसाव्या वर्षाच्या आत, फुकट, मिळते. आम्हांस ही विद्या कारखान्याच्या दारात शिव्या खाऊन शिकावी लागली.

पण ही गोष्ट ज्याला कळली नाही अशा मुलाच्या हाती हुद्दा गेला म्हणजे काय होते, तेही सांगितले पाहिजे. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या ठाणे शहरातील एका महाविद्यालयाची चित्रफीत देशभर फिरली. भर पावसात, चिखलपाण्यात कॅडेटांना ओणवे केले होते आणि एक वरिष्ठ विद्यार्थी त्यांना काठीने मारीत होता. हा मारणारा शिक्षक नव्हे, त्यांच्यासारखाच विद्यार्थी, असे संस्थेने नंतर सांगितले व कारवाईही केली. पाहणारे हळहळले. आम्हांस मात्र त्या चित्रात एक जुनी ओळखीची आकृती दिसली. तो जॉबरच होता, फक्त वीस वर्षांचा. त्याला कोणीतरी एकदा असेच मारले असावे, आणि 'आता आपली पाळी' असे त्याला वाटले असावे. हुद्दा म्हणजे सोसलेल्याची भरपाई, ही समजूत ज्या पथकात एकदा शिरली तेथे ती दरवर्षी नव्या मुलांकडे वारशाने जाते.

शिस्त आणि मारहाण यांतील भेद पालकांनी व मुलांनी ओळखावा. मैदानाला दोन फेऱ्या मारण्यास सांगणे वेगळे आणि अंगाला हात लावणे वेगळे. कॅडेटाच्या कोणत्याही फितीने, एक असो वा तीन, दुसऱ्या कॅडेटाला मारण्याचा अधिकार मिळत नाही. असे घडले तर मुलाने एएनओकडे जावे, तेथे दाद न लागली तर प्राचार्यांकडे आणि बटालियनकडे लेखी अर्ज द्यावा, आणि आईबापांनी त्याच्या मागे उभे राहावे. 'मोठ्यांचे मुकाट्याने ऐकावे' असे सांगून त्याला परत धाडू नये.

काय राहते आणि काय जाते?

आता पालकांच्या मनातील मूळ प्रश्न. याचा पुढे उपयोग काय?

येथे दोन वस्तूंची गल्लत होते. हुद्दा एक आणि प्रमाणपत्र दुसरे. शाळेतील दोन वर्षांनंतर 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा असते. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी'. या परीक्षांना बसण्यासाठी किमान ७५ टक्के हजेरी आणि शिबिरे पुरी करावी लागतात. बाहीवर फीत नसलेला साधा कॅडेटही 'सी' प्रमाणपत्र उत्तम श्रेणीत मिळवू शकतो. सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनसीसीवाल्यांना जी खास वाट आहे तिच्यात पदवीला निदान ५० टक्के गुण आणि 'सी' प्रमाणपत्रात निदान 'बी' श्रेणी मागतात. लेखी परीक्षा माफ होते. पण निवड मंडळाची काही दिवसांची कसोटी व वैद्यकीय तपासणी चुकत नाही. त्या पात्रतेत, तू सार्जंट होतास की सीनियर अंडर ऑफिसर, असे कोठेही विचारलेले नाही.

तेव्हा ज्यासाठी घरात रुसवेफुगवे होतात ती फीत महाविद्यालय सुटले की उतरते. सीनियर अंडर ऑफिसरही एका वर्षाने नुसता पदवीधर होतो आणि भाईंदरच्या सकाळच्या गाडीत इतरांसारखाच दाराला लोंबकळतो. यात आम्हांस वाईट काही दिसत नाही. कोणालाही कायम वर राहता येत नाही आणि जागा दरवर्षी नव्या मुलांसाठी मोकळी होते, हा या शिडीचा मोठा गुण आहे. कित्येक संघटनांत, आमच्याही, एकदा खुर्चीवर बसलेला मनुष्य वीस वर्षे हलत नाही. त्यांनी या मुलांकडून एवढे शिकण्यासारखे आहे.

पहिली पायरी वेळेची

शिडी सर्वांना खुली आहे, असे आम्ही म्हटले. जात, आडनाव, बापाचा धंदा तेथे विचारीत नाहीत. मुलगी असल्याने पायरी कमी होत नाही. रोळिंगच्या भट्टीवर काम करणाऱ्याची मुलगी हुकूम देते आणि दुकानदाराचा मुलगा त्या हुकमावर वळतो, असे दृश्य या शिडीमुळेच शक्य होते. त्याचे मोल ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे हुकूम ऐकले त्याला विचारावे.

परंतु एक पायरी नियमांत लिहिलेली नाही आणि तिच्यावरच आमची बरीच मुले अडखळतात. ती पायरी वेळेची. केबिन रोडच्या आसपास भांड्यांचे व पोलादाचे लहान कारखाने आहेत. तेथे बारावी झालेली, महाविद्यालयात नाव घातलेली मुले अर्धी पाळी करतात. कोणी पॅकिंगला, कोणी हिशेबाला, कोणी पहाटे दूध व वर्तमानपत्रे टाकतो. ७५ टक्के हजेरी हा नियम सर्वांना सारखा. पण ज्याला पहाटे कामावर जायचे आहे त्याला तो सारखा पडत नाही. दहा दिवसांचे शिबिर म्हणजे एकाला दहा दिवसांचा आनंद आणि दुसऱ्याला दहा दिवसांची मजुरी बुडणे. परत आल्यावर जागा राहील की नाही, हीही धास्ती. अशी मुले शिबिराच्या यादीतून गुपचूप नाव काढून घेतात. त्यांचे प्रमाणपत्र तेथेच अडते, बढतीचा तर प्रश्नच उरत नाही. आणि शिक्षकाच्या वहीत 'अनियमित' एवढाच शेरा पडतो.

नियम सैल करा असे आमचे म्हणणे नाही. सैल नियमाने मिळालेली फीत मुलाला स्वतःलाच खोटी वाटेल. दुसरे काही करता येण्यासारखे आहे, आणि ते या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींच्याच हातचे आहे. येथे लहान कारखान्यांचे चालक येतात, दुकानदार येतात. त्यांच्याकडे काम करणारा मुलगा एनसीसीत असेल तर त्याने शिबिराचे पत्र आणून दाखविताच त्याला दहा दिवस मोकळे करावे आणि त्याची जागा राखून ठेवावी. पगार देता आला तर उत्तम. न आला तरी जागा जाणार नाही एवढा शब्द द्यावा. परेडचे दिवस वर्षाच्या आरंभीच कळतात, तेव्हा त्या दिवसांची पाळी बदलून देणेही अवघड नाही. महाविद्यालयांनी शिबिराचे पत्र चार दिवस आधी न देता महिनाभर आधी द्यावे, म्हणजे मालकालाही सोय पाहता येईल. आमच्या संघटनेच्या सभासदांना आम्ही सांगितले आहे, की अशा मुलाची पाळी खात्यातील सोबत्यांनी वाटून घ्यावी.

आणि आईबापांना एवढेच, की मूल परेडवरून आले म्हणजे 'फीत मिळाली का' हे शेवटी विचारा. आधी विचारा, की तुझ्या सेक्शनमधील दहा जणांची नावे तुला येतात का, आणि त्यांतला आज कोण आला नव्हता, व का?